चाळशी नाही, तर चासी नाही!

एक होतं गॅरेज. गॅरेजात होती एक जीप. साधीसुधी नाही हं. फौजेतली जीप! हिरवी, मळकट, दणकट. बर्फातून गेलेली, वाळूतून गेलेली, नदीतून पाणी उडवत गेलेली. आता मात्र म्हातारी झाली होती. तिची चासी कुजली होती.

चासी म्हणजे काय? जीपच्या पोटाखालचा लांबलचक लोखंडी सांगाडा. आतून पोकळ. त्याच्यावरच तर अख्खी जीप बसते! त्या चासीला गंजून गंजून एक भोक पडलं होतं. आणि त्या भोकात राहत होती चिरकबाई.

चिरकबाई म्हणजे एक पाखरू. एवढंस्सं. मुठीत मावेल एवढं. रंग तपकिरी, शेपटी सदा वर. माणसांचा राग असतो नाकाच्या शेंड्यावर. चिरकबाईचा राग शेपटीच्या टोकावर.

एकदा चिरकबाई अळी आणायला गेली. इकडे घरट्यातलं तिचं पिल्लू वाकलं. जरा जास्तच वाकलं. आणि घरंगळलं. घसर्र, घसर्र, घसर्र! गेलं थेट चासीच्या आत.

चिरकबाई परत आली. बघते तर काय, घरटं रिकामं! तिने अळी खाली ठेवली. तर अळीही सटकली. झालं! कपाळ माझं!

चासीतून आवाज आला, "चीं चीं चीं! आई गं, इथे काळोख आहे!"

चिरकबाई गेली जीपकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"जीप गं जीप, जरा हल ना!
पिल्लू निघेना!"

जीप म्हणाली, "मी नाही हलणार, जा! मी फौजेतली. मोडक्या चासीने मी हलत नसते. शिस्त म्हणजे शिस्त! मिस्त्री चासी कापेल, नवा तुकडा जोडेल, तेव्हा हलेन."

"चक्!" चिरकबाई वैतागली. शेपटी झाली वर.

ती गेली तुळशीमिस्त्रीकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. मिस्त्री कुठे होते? जीपखालीच उताणे पडले होते. हातात करवत. पण करवत काही चालेना.

"मिस्त्री ओ मिस्त्री, चासी कापा ना!
जीप हलेना,
पिल्लू निघेना!"

मिस्त्री म्हणाले, "काय म्हणतेस चिमणे? चाळशी? तीच तर नाही माझ्याकडे!"

"मी चिमणी नाही, चिरक! आणि चाळशी नाही हो, चासी!"

"तेच म्हणतोय मी. चाळशी म्हणजे माझा जवळचं बघायचा चष्मा. तो नाही, म्हणून चासी दिसत नाही. न बघता करवत चालवली आणि पिल्लाच्या शेपटीला लागली म्हणजे? चाळशी नाही, तर चासी नाही! चाळशी आहे पेटीत. पेटी उघडेल, चाळशी मिळेल, तेव्हा कापेन."

"मग उठा आणि उघडा!"

"आत्ताच आडवा झालोय गं. आता कोण उठणार?"

ऐकलंत? आता कोण उठणार म्हणे! "चक् चक्!" चिरकबाई वैतागली. शेपटी झाली आणखी वर.

ती गेली हत्यारांच्या पेटीकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"पेटी गं पेटी, जरा उघड ना!
मिस्त्री चासी कापेना,
जीप हलेना,
पिल्लू निघेना!"

पेटी म्हणाली, "मी नाही उघडणार, जा! माझ्या डोक्यावर जॅक बसलाय. जॅक उठेल, तेव्हा उघडेन."

आतून पिल्लू ओरडलं, "चीं चीं! आई गं, नाकात गंज जातोय! आक्छी!"

"आले रे, आले!" चिरकबाई म्हणाली. शेपटी झाली आणखी, आणखी वर.

पेटीच्या डोक्यावर बसला होता जॅक. गाडी उचलतो ना, तो जॅक. ठेंगणा, ठुसका, तोंड पाडून बसलेला.

"जॅक रे जॅक, जरा ऊठ ना!
पेटी उघडेना,
मिस्त्री चासी कापेना,
जीप हलेना,
पिल्लू निघेना!"

जॅक म्हणाला, "मी नाही उठणार, जा! मी ट्रक उचलले. मी ट्रॅक्टर उचलले. एकदा तर उसाने भरलेली ट्रॉली उचलली. त्या दिवशी काय झालं, सांगू? मी आपला..."

"नको सांगू! ऊठ!"

"कसा उठू? पोटात तेलाचा थेंब नाही. बुधली वाकेल, तेल देईल, तेव्हा उठेन."

"चक् चक् चक्!" चिरकबाई वैतागली. शेपटी इतकी वर झाली, की पाठीला टेकली.

ती गेली तेलाच्या बुधलीकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बुधलीला ही एवढी लांब चोच! चिरकबाईला वाटलं, ही तरी आपल्यातली. ही ऐकेल.

"बुधलीमावशी, जरा वाक ना!
जॅक उठेना,
पेटी उघडेना,
मिस्त्री चासी कापेना,
जीप हलेना,
पिल्लू निघेना!"

बुधली म्हणाली, "मी नाही वाकणार, जा! वाकू तरी कशी? हा बघ, बोका मला टेकून झोपलाय. लोड समजतो मला! बोका हटेल, तेव्हा वाकेन."

बोका! अरे देवा, बोका!

बोक्याच्या जवळ जायचं नाही. हे चिरकबाईला अंड्यात असल्यापासून माहीत होतं. ती बसली वर, लांब, तारेवर. आणि तिथूनच ओरडली,

"बोक्या रे बोक्या, जरा हट ना!
बुधली वाकेना,
जॅक उठेना,
पेटी उघडेना,
मिस्त्री चासी कापेना,
जीप हलेना,
पिल्लू निघेना!"

बोक्याने एक डोळा उघडला. एकच. दुसरा उघडायचा कंटाळा.

"मी नाही हटणार, जा. अंगावर ऊन पडलं, की मी उठतो. पण ऊन येणार कुठून? ती जीप आडवी उभी आहे ना! जीप हलेल, ऊन पडेल, तेव्हा हटेन." मग तो गोड आवाजात म्हणाला, "जरा खाली ये ना, चिमणे. जवळ बसून बोलू."

"नको! आणि मी चिमणी नाही!"

शेपटी आता डोक्याला टेकली.

आतून हळूच आवाज आला, "चीं. आई गं, भूक."

चिरकबाई गेली परत जीपकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. पाय दुखायला लागले बिचारीचे.

"जीप गं जीप, जरा हल ना!
बोका हटेना,
बुधली वाकेना,
जॅक उठेना,
पेटी उघडेना,
मिस्त्री चासी कापेना,
आणि तू हलेना,
पिल्लू निघेना!"

जीप म्हणाली, "मी नाही हलणार, जा! मिस्त्री चासी कापेल, नवा तुकडा जोडेल, तेव्हा हलेन. शिस्त म्हणजे शिस्त!"

चिरकबाई निघाली मिस्त्रीकडे. टुणुक टुणुक, टुणुक...

आणि थांबली.

"थांबा. थांबा, थांबा, थांबा! जीपला हवा मिस्त्री. मिस्त्रीला हवी पेटी. पेटीला हवा जॅक. जॅकला हवी बुधली. बुधलीला हवा बोका. बोक्याला हवी जीप. आणि जीपला? जीपला पुन्हा मिस्त्री! अहो, मी नुसती गोल गोल फिरतेय! सगळे बसलेत दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत!"

तिला इतका राग आला, इतका राग आला, की शेपटी डोक्यावरून पुढे आली आणि डोळ्यांवर पडली. काही दिसेना. तिने शेपटी बाजूला केली. मग चासीला कान लावला.

"पिल्ला?"

काहीच नाही.

"ए पिल्ला? सोन्या?"

चीं नाही. चूं नाही. आक्छीसुद्धा नाही.

 

आता तिने कुणाला काही विचारलं नाही. कुणाला काही सांगितलं नाही. ती सरळ उडाली आणि बोक्याच्या समोर जाऊन बसली. अगदी समोर! मिश्यांच्या पुढे!

"बोक्या, हट."

बोक्याने दोन्ही डोळे उघडले. जीभ फिरवली. "आणि नाही हटलो तर? काय करशील गं, चिमणे?"

"चिमणी नाही! चिरक!"

आणि बोक्याच्या नाकावर, टोच्च!

म्याँऽऽऽव!

बोका हटला! उडाला तो थेट टायरांच्या ढिगावर.
बुधली वाकली! डुबुक!
तेल गेलं जॅकच्या पोटात. गुट गुट गुट.
जॅक उठला! कर्र, कर्र, कर्र. उठला, कलंडला आणि पेटीवरून खाली. धप्प!
पेटी उघडली! खटॅक!
चाळशी उडाली! उडाली ती बसली मिस्त्रीच्या नाकावर. टप्प!

"अरेच्चा, चासी!" मिस्त्री म्हणाले. "दिसली की!"

त्यांनी करवत लावली. खर्र खर्र, खर्र खर्र. हळूच, बघून बघून. कुजका तुकडा पडला खाली. ठण्ण! मिस्त्रींनी आत हात घातला. बोटांनी चाचपलं. इकडे नाही. तिकडे नाही. आणखी आत. मग हात बाहेर आला.

तळहातावर होता एक गोळा. गंजाने लाललाल झालेला. हलेना. डुलेना.

सगळे टक लावून बघायला लागले. जीप बघते, पेटी बघते. बोकासुद्धा बघतो. चिरकबाईची शेपटी खाली आली. पहिल्यांदाच खाली आली.

मिस्त्रींनी चाळशी पुसली. गोळ्यावर हळूच फुंकर घातली. फूऽऽ.

गोळ्याने जांभई दिली.

"काय गं आई," पिल्लू म्हणालं, "किती ती खटॅक आणि धप्प! झोपू पण देत नाही."

"झोपू?" चिरकबाईची शेपटी ताडकन वर गेली. "झोपला होतास?

बोका हटला,
बुधली वाकली,
जॅक उठला,
पेटी उघडली,
मिस्त्रींनी चासी कापली,
माझा जीव अर्धा झाला,
आणि तू झोपला होतास?"

"हो," पिल्लू म्हणालं. "भूक लागली."

चिरकबाईने चोच उघडली. खूप काही बोलायचं होतं तिला. खूप म्हणजे खूपच.  पण ती भुर्रकन उडाली, एक लठ्ठ अळी आणली आणि त्याच्या चोचीत कोंबली. मग पंखाने त्याच्या अंगावरचा गंज झाडत बसली. सगळा गंज गेला, तरी झाडतच बसली.

तुळशीमिस्त्री म्हणाले, "आता डोळे मिटा सगळ्यांनी! ठिणगीकडे बघायचं नाही." तुम्हीही मिटा बरं. मिटले? तड तड तड, चर्रर्र! चासीला नवा तुकडा जोडला. पक्का! उघडा डोळे.

भोक बुजलं. मग चिरकबाईचं घर? मिस्त्रींनी जीपचा जुना फुटका दिवा घेतला, आत सुतळीचा गुंता घातला आणि भिंतीला उंच टांगला. बोक्याची उडी पोचणार नाही, इतका उंच.

"घे गं चिरके," मिस्त्री म्हणाले.

चिरके म्हणाले! ऐकलंत ना? चिमणे नाही, चिरके! जवळून नीट बघितलं, की कळतं माणसाला.

जीप हलली. घुर्र, घुर्र, घुर्रर्र!

चासीला लागलं ठिगळ, पिल्लाला मिळाली अळी,
चिरकबाई झाली वैतागातून मोकळी!