चहा प्यावा की पिऊ नये

चाळिशी उलटल्यावर खोतबाईंनी हौसेने कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच निबंधात त्या अडकल्या. विषय होता, चहा प्यावा की पिऊ नये. "एकच बाजू घ्या आणि वाचणाऱ्याला पटवून द्या," असं दाभोळेसरांनी बजावलं होतं. पण बाईंची पंचाईत अशी, की प्यावा म्हणून लिहिलं की तेच खरं वाटायचं आणि पिऊ नये म्हणून लिहिलं की तेही पटायचं. शेवटी पहिल्या पानावर 'प्यावा' आणि दुसऱ्यावर 'पिऊ नये', असं लिहून त्या मोकळ्या झाल्या.

सरांनी तो निबंध गंमत म्हणून भर वर्गात मोठ्याने वाचला. टेबलावर त्यांचा वाफाळता कप होताच. वाचून झाल्यावर कागद आपटत ते म्हणाले, "खोतबाई, याला निबंध म्हणतात? मला एक अक्षर पटलं नाही. नापास! यंदा परीक्षेला बसायचं विसरा."

बाई गोंधळून उभ्या राहिल्या. "सर, माझंच काही ठरत नाहीये, हे खरं. पण पहिलं पान वाचताना तुम्ही घोटावर घोट घेत होतात, आणि दुसऱ्या पानावर कप पार कडेला सारलात. मग पटलं नाही ते कोणाला?"

सगळ्या वर्गाने कपाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. मग मुकाट्याने कागदावर 'पास' लिहून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, आता हा उरलेला पिऊ की नको?"

"अहो सर, तेच कळेना म्हणून तर दोन पानं झाली!"