हायवे वर न्यावा की खाली

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव रखमाजी. नगरपालिकेत चहा द्यायचा आणि कानावर पडेल ते खरं मानायचा. त्याची बायको गोदा हायवेच्या कडेला गाडीवर भजी तळायची. घर चालायचं ते त्या भज्यांवरच.

हायवे गावाच्या मधोमध जायचा. ट्रकांच्या भीतीने म्हाताऱ्यांना पलीकडच्या देवळात जाता येईना. मग नगरपालिकेत वाद पेटला. अर्धे म्हणाले, रस्ता पुलावर चढवा. अर्धे म्हणाले, जमिनीखाली घाला. इकडे गोदाला कडेची गाडी उठवतील अशी धास्ती पडली.

"अवं, चहा देताना कान उघडे ठेवा," ती म्हणाली. "कायबी होऊ दे, आपली गाडी जागची हलता कामा नये."

"नाय हलायची," रखमाजी म्हणाला.

पहिल्या सभेत पुलवाले गरजले, "वाटेत आडवं येईल ते वर उचला! खालून माणसं मोकळी चालतील." रखमाजीला पटलं. घरी आला, तर सासरे दारातच बाज टाकून घोरत होते. त्याने दोर लावून बाज आढ्याला टांगली. सासऱ्यांनी डोळे उघडले, तर नाकासमोर कौलं. त्यांनी अशी बोंब ठोकली की आळी गोळा झाली.

"मामा, ओरडू नका, खालून वाट मोकळी झाली," रखमाजी म्हणाला.

पुढच्या सभेत बोगदेवाले म्हणाले, "वाटेतलं खाली पुरा, वर झाडं लावा!" घरी दाराशी भज्यांची कढई होती. रखमाजीने ती पुरली, वर मिरचीचं रोप लावलं. पाणीसुद्धा घातलं.

गोदाने कढई उकरून काढता काढता कपाळावर हात मारला. "अवं, काही करण्याआधी चार माणसांना इचारावं की नाय?"

"इचारीन."

दुसऱ्या दिवशी एक सांड गाडीवरच्या भज्यांवर तुटून पडला. रखमाजी दारोदार फिरला. "सांडाला हाकलावं का? तुमचं मत काय?" मतं जमेपर्यंत परात चकाचक.

"अशा वक्ताला इचारत बसायचं नाय!" गोदा किंचाळली. "भज्यांवर तुटून पडंल त्याला काठी घेऊन शिवेपार पिटाळायचं!"

हे मात्र रखमाजीने गाठीला बांधलं.

शेवटी निकाल द्यायला मोठे साहेब आले. मोटारीतून उतरले ते वासावर थेट गोदाच्या गाडीशी. एक भजं खाल्लं आणि डोळेच मिटले. "बाई, रस्ता वर जावो नाहीतर खाली, तुमची गाडी इथंच राहणार," असं म्हणून साहेब भज्यांवर तुटून पडले. गोदाला आनंदाने रडूच फुटलं.

रखमाजीने काठी उचलली.

पुढे साहेब, मागे रखमाजी, त्याच्यामागे "अवं, थांबा!" म्हणत गोदा, आणि तिच्यामागे पुलवाले अन् बोगदेवाले, पहिल्यांदाच एकत्र. शिवेपार बाभळीखाली साहेबांनी बसकण मारली. "वर नको, खाली नको," ते धापा टाकत म्हणाले. "या गावातूनच नको! रस्ता असा बाहेरून न्या!"

आणि नेला. जुन्या हायवेवर आता पोरं विटीदांडू खेळतात. भजी खायला एक ट्रक थांबत नाही.

"घात केलात की हो माझा," गोदा गार कढईशेजारी बसून रडली.

रखमाजीला काही कळेना. "रडतीस कशाला? गाडी जागची हलू नये म्हणालीस ना? नाय हलली. रस्ता हलवला."