चिमूटभर माती

झाडं बोटीने परदेशी जायची, तेव्हाची ही गोष्ट. यमुनाबाईंच्या रोपवाटिकेतून एकोणचाळीस निवडुंग आणि एक कोरफड एकाच खोक्यातून निघणार होती. समुद्रापलीकडच्या एका बागेने ती मागवली होती.

यमुनाबाईंनी प्रत्येकाची मुळं पाण्याने धुतली आणि आठ दिवस सावलीत सुकवली. "तिकडच्या बंदरात माती चालत नाही," त्या म्हणाल्या, "मातीबरोबर कीड येते."

कोरफडीला ते पटलं नाही. तिने दोन मुळांच्या बेचक्यात चिमूटभर माती घट्ट दाबून धरली.

शेजारच्या निवडुंगाने ते पाहिलं. तो म्हणाला, "सोड गं ती. खोकं सगळ्यांचं आहे."

"तुम्ही विसरा हवं तर," कोरफड म्हणाली. "मी आपली माती सोडणार नाही. आणि एवढीशी तर आहे, कोण बघतंय?"

तिकडच्या बंदरावरच्या साहेबाने भिंग लावून बघितलं. एका मुळाशी माती सापडली. त्याने बाकीची झाडं पाहिलीच नाहीत, खोक्यावर शिक्का मारला आणि ते आल्या बोटीने परत पाठवलं.

परतीच्या प्रवासात निम्मी झाडं वाळून गेली. कोरफड मुळातच चिवट, ती वाचली.

यमुनाबाईंनी तिला कुंडीत लावलं आणि वरून ओंजळभर माती घातली. आता तिच्या चारी बाजूंना हवी तेवढी माती होती. शेजारची, त्या निवडुंगाची कुंडी रिकामी होती.