भुंग्याची साक्ष

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी पद्मकपूर नावाचे नगर होते. सुदंत राजा तिथे राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव रोहितक. त्याच्या हाताला असा गुण होता की नाडीवर बोटे ठेवताच रोग्याचे अर्धे दुखणे ओसरे.

त्या नगरात न्यायाची एक जुनी रीत होती. डोंगरउतारावर उंदरांनी सोडलेल्या बिळांत काळ्या-पिवळ्या केसांचे गलेलठ्ठ भुंगे राहत. कोणावर चोरीचा आळ आला की एक भुंगा गाडग्यात कोंडून आणीत आणि आरोपीला आत हात घालायला लावीत. भुंगा डसला की मनगटाला सुती दोरा बांधीत, दोन बोटे सहज जातील इतका सैल. दुपारी पुन्हा बोटे घालून पाहत. दोरा सैल राहिला तर माणूस निर्दोष. रुतला तर चोर, आणि चोराने सूर्य मावळायच्या आत नगर सोडायचे. पापी माणसाच्याच अंगात भुंग्याचे विष भिनते, अशी तिथल्या लोकांची ठाम समजूत होती. या समजुतीवर त्यांच्या तीन पिढ्या सुखाने झोपल्या होत्या.

एकदा पट्टराणीचे कंकण नाहीसे झाले. त्या दुपारी महालात दोघेच जाऊन आले होते, बागेचा रखवालदार गोधक आणि माळा गुंफणारी चंपिका. गोधकाने लगेच दिव्य केले. भुंगा त्याला दोनदा डसला, पण दोरा होता तसाच सैल. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. उरली चंपिका, आणि तिला दुसऱ्या दिवशी हात घालायचा होता.

सकाळीच ती रोहितकाच्या दारात येऊन उभी राहिली. “वैद्यबाबा, कंकण मी घेतलं नाही. पण गाडग्यात हात घातला तर माझं काय होईल, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

रोहितकाला चांगलेच ठाऊक होते. तिला पहिल्यांदा भुंगा डसला तेव्हा नुसता हात सुजला होता. दुसऱ्यांदा, मागच्या वसंतात, तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ फुगले, घसा आवळला आणि ती शुद्ध हरपून पडली. त्याने तिला आडवे निजवले, पाय उंच ठेवले आणि शेजारी बसून राहिला. त्या दिवशी ती वाचली ती नशिबाने, आपल्या औषधाने नव्हे, हे तो स्वतःशी मान्य करीत असे. तिसऱ्या दंशातून ती वाचेल असे त्याला वाटत नव्हते.

“भिऊ नकोस,” तो म्हणाला. “आज तुझ्या आधी मी हात घालणार आहे.”

भुंगा डसला की आपला हात कोपरापर्यंत फुगतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होते.

राजसभेच्या दारात न्यायामात्य कालसेनाने त्याला बाजूला घेतले. “वैद्यराज, पौर्णिमेला तुम्हाला राजवैद्याची वस्त्रं मिळायची आहेत. आजचा दिवस तेवढा गप्प बसा.”

रोहितक हसला. गप्प बसणे त्याला जमत असे, पण डोळ्यांदेखत कोणी मरायला निघाले असताना नाही. तो थेट राजापुढे गेला.

“महाराज, कंकण गेलं त्या दुपारी मी कुठे होतो?”

“माझ्यापाशी,” राजा म्हणाला. “माझा मुरगळलेला पाय संध्याकाळपर्यंत तुमच्या मांडीवर होता.”

“म्हणजे चोर मी नाही, याला आपणच साक्षी. तर मग गाडगं आधी माझ्यापुढे आणा.”

कालसेन मध्ये पडला. “ज्याचा दोरा रुततो तो नगराबाहेर जातो. या नियमाला अपवाद नाही. वैद्यालाही नाही.”

“माहीत आहे, अमात्य. म्हणून तर औषधांची झोळी बरोबर घेऊन आलोय.”

त्याने शांतपणे हात आत घातला. कोंडल्यामुळे चिडलेल्या भुंग्याने मनगटाजवळ नांगी मारली. मधमाशीसारखी त्याची नांगी तुटून राहत नाही, त्यामुळे रोहितकाने गाडगे खिडकीत उघडे धरताच तो सुखरूप उडून गेला. चोरी कशाशी खातात हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हते.

दुपार होईपर्यंत रोहितकाचा हात कोपरापर्यंत फुगला आणि दोरा मांसात रुतून दिसेनासा झाला.

“महाराज, एक तर आपण चुकताय, नाहीतर भुंगा,” रोहितक म्हणाला. “कुणाचं अंग विष सोसतं, कुणाचं फुगतं, कुणाचा श्वासच कोंडतो. यात पापपुण्याचा काही संबंध नाही. या गोधकाला विचारा, वर्षाकाठी त्याला किती भुंगे डसतात.”

“मोजलंय कुणी?” गोधक बोलून गेला. “बागेत रोजचंच आहे ते. आताशा काही वाटत नाही.”

आणि बोलता बोलता त्याचा चेहरा पडला. कालपर्यंत भुंगा त्याच्या बाजूने उभा होता, आता कोणीच नव्हते. राजाने नुसते त्याच्याकडे पाहिले तसा तो बागेकडे चालू लागला. बागेतल्या भुंग्यांच्या बिळात हात घालून त्याने कंकण काढून दिले. तिथे हात घालायची छाती दुसऱ्या कोणाची नव्हती.

चंपिका मटकन खाली बसली आणि इतका वेळ धरून ठेवलेले रडू तिला आवरेना. रोहितकाने मात्र डाव्या हाताने झोळी उचलली आणि तो दाराकडे निघाला.

“कुठे निघालात?” राजाने विचारले.

“माझा दोरा रुतलाय, महाराज. दिव्य खरं असेल तर मला गेलंच पाहिजे. खोटं असेल, तर आजवर जे गेले त्यांचं काय?”

राजाने त्याच्या सुजलेल्या हाताकडे पाहिले. “माझी दाई अशीच नगराबाहेर गेली. आईचा हार हरवला होता. मी सात वर्षांचा होतो. जाताना ती मला जवळ घ्यायला आली, आणि मी चोरटी म्हणून तिला ढकललं.”

त्याने सिंहासनावरून उतरून स्वतःच्या हाताने गाडगे फोडले. त्याच दिवशी नगराबाहेर घालवलेल्यांना परत आणायला चारी दिशांना माणसे गेली. चौथ्या दिवशी दाई आली. राजा अनवाणी वेशीपर्यंत सामोरा गेला, आणि क्षमा मागायला तिच्या पायांशी वाकला.

म्हातारीने त्याला जवळ ओढले. “लहान होतास,” ती म्हणाली.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्मातल्या माणसांची ओळख पटवून दिली. “त्या वेळचा कालसेन म्हणजे ऐकीव गोष्टीवरून सोबत्याला दोष देणारा आजचा भिक्षू जोतिक. गोधक म्हणजे त्याच्या कानाला लागणारा परिव्राजक. चंपिका ही भिक्षुणी सोणदिन्ना, दाई ही ज्येष्ठ भिक्षुणी थेरी वप्पा, राजा हा उपासक मेघिल, आणि वैद्य तो मीच. त्या जन्मी मी दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःच्या देहावर सत्य पारखून दाखवले. भिक्षूंनो, हीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची पूर्णता.”

जोतिक उठला आणि ज्याला दोष दिला होता त्या सोबत्याच्या शेजारी जाऊन बसला.