कुंभारणीच्या खुराड्याची कहाणी

ऐका उबाई, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत अक्षता घ्या, पदर सावरून बसा. कोपऱ्यातल्या दोघींनो, तुमच्या गप्पा प्रसादाच्या वेळी होऊ द्या.

आटपाट गाव होतं, डोंगराच्या पाठीला टेकलेलं. तिथं पौषात अशी थंडी पडे, की घागरीतलं पाणी हाताला चावे. त्या गावात एक कुंभार होता. त्याची बायको कोंडाबाई. घरात सासू होती, चाक होतं, मडकी भाजायचा आवा होता, परसात सात कोंबड्या अन् एक कोंबडा होता. कोंडाबाईचा हात असा, की तिनं भिंत लिंपावी आणि मुंगीला शिरायला वाट सापडू नये. गावच्या बाया म्हणत, लिंपण शिकावं तर कुंभारणीकडून. ऐकून ऐकून कोंडाबाईला थोडं चढलं होतं. चढायचंच, आपल्याला नाही का चढत?

मार्गशीर्ष सरला. नणंद हिरा पहिलटकरीण, आठव्या महिन्यात माहेरी आली. आली ती पिवळी पडलेली, डोळे खोल गेलेले, ओसरीची पायरी चढली तरी धाप लागे. वैद्य आला, त्यानं नाडी पाहिली. म्हणाला, "पोरीच्या अंगात रक्त नाही. रोज एक अंडं पोटात गेलं पाहिजे. त्यात खंड पडला, तर बाळाचंही मी सांगत नाही, बाळंतिणीचंही सांगत नाही." सासूनं तोंडाला पदर लावला. कोंडाबाई म्हणाली, "आत्याबाई, रडू नका. परसात सात कोंबड्या आहेत. वन्संच्या अंड्याची काळजी माझी."

मग पौष लागला. वारा सुटला. कोंडाबाईला वाटलं, कोंबड्या गारठतील, अंडी थांबतील. मग तिनं काय केलं? तळ्याची माती आणली. तिच्यात शेण घातलं, लीद घातली, भुसा घातला, पायानं तुडवली. खुराडं बाहेरून लिंपलं, आतून लिंपलं, फटी बुजवल्या, वरचा झरोका होता तोही बुजवला. दाराला गोणपाट लावलं. सुईएवढं भोक ठेवलं नाही. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ये म्हणावं आता थंडीला."

पहिला मंगळवार आला. दाराशी एक म्हातारी आली. अंगावर फाटकी वाकळ, पाय उघडे. म्हणाली, "बाई बाई, गारठले गं, चुलीपाशी बसू दे." कोंडाबाईनं तिला बसवलं. ऊन भाकरी वाढली, कालवण वाढलं. म्हातारी जेवली, परसात पाहिलं, म्हणाली, "बाई बाई, खुराड्याला वर एक डोळा ठेव." कोंडाबाई हसली. "आजी, डोळा ठेवला तर थंडी आत डोकावेल." म्हातारी उठली, वाटेला लागली. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या शिंकू लागल्या. रोज चार अंडी मिळत, ती दोनावर आली.

दुसरा मंगळवार आला. म्हातारी आली, बसली, जेवली. म्हणाली, "बाई बाई, खुराड्याला वर एक डोळा ठेव." कोंडाबाईला राग आला. म्हणाली, "आजी, माझ्या लिंपणाला आजवर कुणी नाव ठेवलं नाही. तुम्ही भाकरी खा." म्हातारी गेली. मग कोंडाबाईनं मातीचा आणखी एक हात फिरवला, गोणपाटावर गोणपाट घातलं. मग काय झालं? कोंबड्यांच्या घशात घरघर लागली. डोळ्यांना पाणी लागलं. पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसू लागल्या. अंडी एकावर आली. ते हिराला दिलं. मग एक दिवस तेही मिळालं नाही. त्या दिवशी हिराला घेरी आली, चुलीपाशी बसली ती उठेना. सासू सुनेला काही बोलली नाही. चार शब्द बोलली असती तर कोंडाबाईला बरं वाटलं असतं.

तिसरा मंगळवार आला. कोंडाबाई सकाळपासून दारातच उभी. म्हातारी दिसली, तशी धावत गेली, पाय धरले. "आजी, माझं काय चुकलं ते सांगा. मी वाऱ्याची झुळूक आत जाऊ दिली नाही, तरी कोंबड्या का हो झुरतात? माझी नणंद हातची जाईल." म्हातारी म्हणाली, "मी दोनदा सांगितलं, तू एकदा हसलीस, एकदा रागावलीस. आता मला विचारू नको, कोंबड्यांना विचार. आत जाऊन बस."

"कुठं आत?"

"खुराड्यात."

आता खुराडं कमरेएवढं, दार त्याहून लहान, आणि कोंडाबाई खात्यापित्या अंगाची. पण वेळ आली की लाज धरून चालत नाही. तिनं पदर खोचला, गुडघ्यांवर आली. आधी डोकं गेलं. मग खांदे गेले. मग बाकीची कोंडाबाई काही केल्या जाईना. शेवटी सासूनं मागून दोन्ही हातांनी ढकलली, तेव्हा गेली. मग सासूनं दार लावलं, गोणपाट सोडलं. इतके दिवस तोंड मिटून असलेल्या त्या सासूला फुटलं की हो हसू!

आत अंधार. कोंडाबाईला आधी वाटलं, अहाहा, काय ऊब! मग नाक चुरचुरलं. मग डोळे झोंबले. मग मानेवर गार थेंब पडला. तिनं वर चाचपलं, छत ओलं. बाजूला चाचपलं, भिंत ओली. खाली चाचपलं, पेंढा ओला. सात कोंबड्यांचा श्वास, कोंबड्याचा श्वास, विष्ठेची वाफ, सगळं वर जाई, वाट न मिळून छताला चिकटे, आणि पाणी होऊन त्यांच्याच पिसांवर पडे. भिजल्या पिसांना कसली आली ऊब? काबरी कोंबडी तिच्या मांडीला टेकून घरघरत होती. कोंडाबाई ओरडली, "अगं बाई! आव्याला वाफेची वाट ठेवली नाही तर मडकी तडकतात, हे मी जगाला सांगते, आणि ह्या मुक्या जीवांना मीच कोंडून मारते! आत्याबाई, उघडा! उघडा हो!"

बाहेर आली ती केसांत पेंढा, कपाळाला पीस, डोळ्यांत पाणी. सासूकडे पाहून तिलाही हसू आलं. हसली आणि रडली, रडली आणि हसली. म्हणाली, "आजी, वसा सांगा." म्हातारी म्हणाली, "वसा घेशील, उतशील, हाताला ताठा आला की टाकून देशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक. हा उबाईचा वसा. पौषाच्या पहिल्या मंगळवारी घ्यावा, होळीला सोडावा. कोंबडीच्या डोक्याच्या वर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, मुठीएवढा डोळा ठेवावा. श्वास जावा, वारा अंगाला लागू नये. खाली कोरडा पेंढा घालावा, ओला दिसला की काढावा. बसायला रुंद आडवी काठी द्यावी, म्हणजे कोंबडी पायांवर पोट टेकून बसते, बोटं गारठत नाहीत. परसात टोपलीभर राख ठेवावी, त्यांनी न्हावं. दिवस मावळता मूठमूठ मका घालावा. पोटात दाणा असला की आतून शेगडी पेटते. कोंबड्याच्या तुऱ्याला तेलाचं बोट लावावं. सकाळी आधी त्यांना कोमट पाणी, मग आपल्या तोंडात घास. आणि जिच्या दारी जाशील तिला आपली चूक आपल्या तोंडानं सांगावी." एवढं बोलली आणि म्हातारी दिसेनाशी झाली. ती परसातल्या ज्या दगडावर बसली होती, तो हाताला ऊन लागला. तीच उबाई.

मग कोंडाबाईनं सळई घेतली. स्वतःचं लिंपण, गावानं वाखाणलेलं, स्वतः फोडलं. पहिला घाव घालताना हात थोडा अडला, पण घातला. डोळा उघडला तशी आतून भसकन वाफ निघाली. ओला पेंढा उपसला, कोरडा घातला, काठी बसवली, राख ठेवली. हिराला त्या दिवशीचं अंडं नव्हतं. मग कोंडाबाई वाटी घेऊन तीन दारी गेली. तिन्ही दारी म्हणाली, "बाई, मी लिंपणाच्या तोऱ्यात कोंबड्या कोंडल्या. मला अंडं दे, आणि तुझ्या खुराड्याला डोळा ठेव." बाया हसल्या, पण पाळीपाळीनं रोज एक अंडं देत गेल्या, आणि आपापल्या खुराड्यांना वर डोळेही ठेवले.

तीन दिवसांनी शिंका थांबल्या. सहा दिवसांनी घरघर थांबली. नवव्या दिवशी काबरी अशी ओरडत बाहेर आली, जणू गावात पहिलं अंडं तिनंच घातलं. मग रोज एक आलं, दोन आली, चार आली. हिराच्या गालांवर रंग चढला. माघात ती बाळंत झाली. मुलगी झाली, गुटगुटीत, आवाज असा की कुंभाराचं चाक थांबलं. सासूनं वेशीपर्यंत साखर वाटली.

सव्वा महिना झाला. हिराचं न्हाण झालं. त्या सकाळी ती आपल्या पायांनी परसात गेली. धाप नाही, घेरी नाही. खुराड्यात हात घातला, अंडं काढलं, आणि कोंडाबाईच्या हातावर ठेवलं. म्हणाली, "वहिनी, सबंध हिवाळा तू ह्यांच्या पाण्याआधी घास घेतला नाहीस. एक अंडं जिभेला लावलं नाहीस. आजचं तू खायचं." कोंडाबाई नको म्हणाली. तीनदा म्हणाली. मग सासूनं ते घेतलं, उकडलं, सोललं, मीठ लावून सुनेला आपल्या हातानं भरवलं. कोंडाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सासू म्हणाली, "खारट झालं का गं?"

"नाही हो, आत्याबाई. ऊन आहे."

जशी उबाई कोंडाबाईला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या घरट्याला ओल न लागो, कुणाची लेक माहेराहून रित्या कुशीनं न जावो. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचां उत्तरीं मी सांगितली, तुम्ही ऐकली. सांगणारीला सुफळ, ऐकणारीला संपूर्ण.