ढेकळ्याचा चिखल

आंबेखडकच्या बोहाड्यात देवदानवांची सोंगे रंगीत लाकडी मुखवटे लावून नाचतात. एकाच सोंगाला मुखवटा नाही. हा हसवणारा तोंडाला तळ्यातला चिखल थापून येतो. त्याला म्हणतात ढेकळ्या. बाहेरगावी कुणाला ढेकळ्या म्हटले तर भांडण होईल. इथे तो मान आहे. तो कसा आला, हे बुधाबाबा भोये पाहुण्यांना देवळाच्या ओट्यावर बसवून सांगतात.

एके काळी गावावर एका इनामदाराचा अंमल होता म्हणे. साल विचारू नये. लिहिणारे त्याच्याच पदरी होते, ते हे कशाला लिहून ठेवतील? दोन वर्षे पाऊस हुकला, तेव्हा त्याने तळ्याची मोरी, म्हणजे गावाकडे पाणी सोडायचे तोंड, बंद केली, काठावर पहारा बसवला आणि पाणी आपल्या बागेला राखले. गावाला उरला एक झरा. घरटी रोज एक घडा.

गावातल्या चिंधू नावाच्या शेतकऱ्याचा एक बैल मेला होता, दुसरा उठत नव्हता. इनामदाराची माणसे चिंधूला ढेकळ्या म्हणत. शेतातला मातीचा गोळा, डोके नसलेला. बोहाड्यात नाचताना तो हमखास पडायचा आणि लोक हसायचे.

सोंग अंगावर आहे तोवर माणसाला हात लावायचा नाही, हा जुना नेम. इनामदारही तो पाळी. बोहाड्याच्या सकाळी चिंधू काठावरचा चिखल तोंडाला फासून, पोटाला पेंढा बांधून, इनामदाराच्या चालीने चौकात आला.

"पोट एवढं कशानं फुगलं, मालक?" कुणीतरी विचारले.

"अख्खं तळं प्यालोय. तरी तहान भागंना."

गाव हसले. पहारेकरीही हसले.

चौकात सोंगे बघत बसलेला इनामदार उठला. "मुखवटा कुठंय याचा? चिखलाचं कधी सोंग होतं का?"

"अंगावर आहे तोवर सोंगच," म्हातारा भगत म्हणाला.

"बरं. ऊन कडक आहे. चिखल गळला की बांधा याला."

दुपारपर्यंत चिखल तडकू लागला. प्रत्येक भेग चिंधूला कातडीवर कळत होती. तोंड हलवले की पोपडा सुटणार. गप्प राहिले तर सोंग संपले. तो बोलत राहिला. हनुवटीवरचा तुकडा सुटू लागला आणि पहारेकऱ्याने दोर उचलला.

तेवढ्यात सोनकी नावाची विधवा घडा घेऊन पुढे आली. तिने ओंजळभर पाणी चिंधूच्या गालावर चोळले.

"मावशे, प्यायला ठेव की."

"प्यायचं ते प्याले. तू बोल."

तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी. तीन दिवस गाव घोटघोट पाणी पिऊन राहिले आणि उरलेले त्याच्या तोंडाला लावत गेले. तीन दिवस चिंधू तहानेने मेलेल्या एकेका गुराचे नाव घेऊन इनामदाराच्या आवाजात ढेकर देत होता. असे सांगतात, की तिसऱ्या दुपारी झरा आटला. घडे पालथे झाले. कपाळावरचा चिखल पांढरा पडला.

तेव्हा मोरीवरचा पहारेकरी तळ्यातून घागर भरून चौकात आला.

"कुणाला विचारून?" इनामदार ओरडला.

"सोंगाला पाणी लागतं, मालक," तो म्हणाला आणि चिंधूचे तोंड भिजवून पुन्हा तळ्याकडे निघाला. बाकीचे पहारेकरी घागरी घेऊन त्याच्यामागे गेले. दोर धरायला कुणी उरले नाही.

मोरी उघडायचा हुकूम इनामदाराने दिला, असे काही जण म्हणतात. मोरी आधीच उघडली होती, हुकूम मागून आला, असे इतर म्हणतात. बुधाबाबांना दुसरे खरे वाटते. एवढे नक्की, की संध्याकाळी चिंधूचा बैल पाणी प्याला आणि चौथ्या दिवशी उठला.

आजही बोहाड्याला ढेकळ्या गावाच्या कारभाऱ्याला समोर उभे करून एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत बाया चिखल वाळू देत नाहीत. गेल्या वर्षी प्रश्न शाळेच्या गळक्या छपराचा होता. सरपंचांना उत्तर द्यायला दुपारचे चार वाजले. छप्पर पावसाआधी बसले.