उभ्या मायचा तलाव

झाडीपट्टीत खैरडोह नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव, आणि तलावात, पाळीच्या म्हणजे काठच्या बांधाच्या जरा आत, एक काळा दगड उभा आहे. दुरून पाहिलं तर एखादी बाई पदर खोचून पाण्यात उभी राहिली आहे असंच वाटतं. भर पावसाळ्यात पाणी तिच्या गळ्याशी असतं, दिवाळीला कमरेशी येतं, आणि होळी झाली की तिचे पाय उघडे पडतात. खैरडोहात तलाव किती भरला असं कोणी विचारत नाही. "माय कुठवर भिजली?" असं विचारतात.

पाणी सोडायची जी दगडी मोरी आहे तिला इकडे तुडुम म्हणतात. त्या तुडुमाजवळ आता पाटबंधारे खात्यानं आकडे रंगवलेली पट्टी लावली आहे. पावसाळाभर तिचा आकडा मोबाइलवरून नागपूरला जातो, आणि तिथून पुढे म्हणे दिल्लीला, साऱ्या देशाचं पाणी आणि पीक जिथे एकत्र मोजतात तिथे. तो आकडा घ्यायला, धानाची स्थिती बघायला माणसं येतात. गावातले म्हातारे दसरूबुवा त्यांना पाळीवरच्या मोहाच्या सावलीत बसवतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि सांगायला लागतात.

ही गोष्ट फार मागची, किल्ल्यावर राजा होता तेव्हाची. राजाच्या मुलखात गावोगाव तलाव होते आणि सारा मुलूख धानावर जगत होता. पाऊस कुठे पडला, कुठे रुसला, कोणत्या तलावात किती पाणी उरलं, पीक कसं आहे, हे राजाला कळायला हवं असे. त्यावरूनच किल्ल्यातलं किती धान्य कोठारात राखायचं आणि किती गावांना वाटायचं हे ठरे. म्हणून राजानं माणूस नेमला होता. हस्त नक्षत्र लागलं की तो तट्टावर बसून गावोगाव फिरे. लोक त्याला फेरीदार म्हणत. त्याचं नाव हिरामण.

राजाचा दंडकही होता. हस्तात ज्या तलावात पाणी असेल, त्यानं खालच्या कोरड्या गावाला अर्धं पाणी सोडावं.

खैरडोहात तेव्हा कौतिका नावाची बाई तलाव राखत असे. तिचा नवरा गावाचा पाणकर होता. कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी सोडायचं ते तो बघायचा. तो तापानं गेला तेव्हा पोरगा भिवा लहान होता, म्हणून गावानं ते काम कौतिकाकडेच ठेवलं. तिनं ते असं केलं की भिवा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी कोणी "आता पोराकडे दे" म्हटलं नाही. भिवाची बांधी मात्र गावाच्या अगदी शेवटी होती. पाटाचं पाणी साऱ्यांच्या बांध्या भरून मग तिथे पोचायचं, आणि कमी पडलं तर सगळ्यांत आधी तिथेच कमी पडायचं. पाणकराच्या घरानं पुढची जमीन घ्यायची नाही, ही गावाची रीत होती.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्रात पाऊस आला. एवढा आला की तलाव काठोकाठ भरला आणि लोकांनी हसतखेळत रोवणी केली. मग पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. पुष्य गेला, आश्लेषा गेल्या. मघात ढग यायचे, पाळीवरून सावली सरकायची आणि पुढे निघून जायची. कौतिका रोज सकाळी पाळीवर येऊन आधी आभाळ बघे, मग पाणी बघे, मग खाली उतरून बांध्यांच्या कडेनं चालत शेवटपर्यंत जाई. रोज तळव्याला माती जरा जास्त टणक लागे. घरी सून दिवस भरत आलेली. ती सासूला विचारी, "मामी, काय दिसते?" कौतिका म्हणे, "दिसते बरं." आणि चुलीकडे वळे, म्हणजे तोंड दिसू नये.

उत्तरा निघाली तरी थेंब नाही. तलावातलं पाणी वाटून वाटून माणसाच्या छातीएवढं उरलं होतं. धान गर्भाला आलं होतं, म्हणजे लोंबी अजून धानाच्या दांड्याच्या, ताटाच्या, पोटातच. अशा वेळी पाणी तुटलं तर लोंबी बाहेर येते, पण तिच्यात दाणा नसतो.

अशात खबर आली की फेरीदार निघाला आहे.

आडकू पाटलानं गाव देवळात गोळा केलं. आडकू वाईट माणूस नव्हता हे दसरूबुवा प्रत्येक वेळी सांगतात. लहानपणी एका दुष्काळात त्याची दोन भावंडं त्याच्या डोळ्यांसमोर गेली होती. तेव्हापासून तो जेवताना ताटात शीत ठेवत नसे. तो म्हणाला, "खाली पालेवाहीचा तलाव आटला. फेरीदार आपलं पाणी पाहील तर अर्धं तिकडं सोडा म्हणेल. मग आपलंही पिकत नाही अन् त्यायचंही पिकत नाही. आपण सांगू, वरवर पाणी दिसते, खाली सारा गाळ आहे. गुडघाभरही पाणी नाही. आत गेला तो फसला."

"अन् त्यानं उतरून पाहिलं तर?" कोणीतरी विचारलं.

"परवा बैल गाळात गेला म्हणून सांगू. कोण उतरते मग?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आडकू कौतिकाकडे वळला. "तुले खोटं बोलाले नाही सांगत मी. तू फक्त गप राय."

कौतिकानं भिवाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ती काही बोलली नाही, आणि गावानं तो होकार धरला.

त्या दिवसापासून तिला घास गिळेना असं सांगतात. गप राहायचं एवढंच तर होतं. पण ती पाळीवर उभी राहिली की खाली नाल्यापलीकडे पालेवाहीच्या बांध्या दिसत. सकाळी हिरव्या वाटायच्या, दुपारी उन्हात त्यांचा रंग उडालेला दिसायचा. तिची तिथे कोणाशी ओळख नव्हती. उलट गुरांवरून दोन्ही गावांची जुनी भांडणं होती. तरी तिची नजर तिकडेच जाई. मग ती मुद्दाम मान वळवून भिवाच्या बांधीकडे बघे, सुनेचं भरलेलं पोट आठवे आणि मनाशी म्हणे, गपच राहीन.

हिरामण फेरीदार आला तो दुपारच्या आधी. थकलेला होता. तट्टाच्या पाठीवर धानाच्या ताटांच्या लहान लहान पेंढ्या बांधल्या होत्या. ज्या गावाला जाई तिथलं थोडं पीक उपटून तो राजाला दाखवायला नेत असे. त्याच्या मागे पालेवाहीची काही माणसं चालत आली होती. ती पाळीवर चढली नाहीत, खालीच उभी राहिली.

आडकूनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. गाळाचं सांगितलं, बैलाचं सांगितलं. हिरामण पाण्याकडे बघत राहिला. वारा नव्हता. पाणी आरशासारखं होतं, आणि वरून बघून कोणत्या पाण्याची खोली कळते? त्यानं विचारलं, "तलाव कोण राखते इथं?"

लोकांनी कौतिकाला वाट करून दिली.

"बाई, पाणी किती?"

कौतिका उभी राहिली. सारं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती गप राहिली, आणि गप राहिली म्हणून पाटलाचं खरं ठरलं. हिरामणनं मान हलवली, सुस्कारा टाकला आणि तट्टाकडे वळला. तट्टाला हुसकताना पालेवाहीच्या पेंढीची गाठ सुटली आणि ताटं पाळीवर सांडली.

कौतिका ती गोळा करायला वाकली. हात सवयीचा. तिनं एक ताट उचललं आणि नखानं त्याचं पोट उघडलं. आतली लोंबी पांढरी होती, कागदासारखी. तिनं दुसरं उघडलं. त्यात अजून हिरवा ओलावा होता. तिसऱ्यातही होता. म्हणजे पीक मेलं नव्हतं, मरत होतं. आज पाणी मिळालं तर निम्मं तरी हाती येईल, आणि चार दिवसांनी गंगा आणून ओतली तरी उपयोग नाही. हे तिच्याइतकंच तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

तिनं ताटं आडकूच्या हातात दिली. पदर खोचला आणि पाण्यात उतरली.

"माय!" भिवा ओरडला.

ती चालत राहिली. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला, गुडघ्याला. पाय कुठे फसला नाही. कमर बुडाली. पाणी छातीशी आलं तेव्हा ती थांबली आणि गावाकडे तोंड करून वळली.

मग एकच गलका झाला. कोणी शिव्या दिल्या, कोणी दगड उचलला. आडकूनं त्याचा हात धरला. हिरामणनं नुसतं तुडुमाकडे पाहिलं.

कौतिका पाण्यातून म्हणाली, "अर्धं त्यायचं, अर्धं आपलं. छातीपासून कमरेवर आलं का बंद करा. त्याच्या आधी कोणी बंद कराचं नाही, अन् त्याच्या पुढं कोणी मांगाचं नाही. तोवर मी इथून हालत नाही."

तुडुम उघडलं. पाणी नाल्यात पडायला लागलं आणि पालेवाहीची माणसं त्याच्यासोबत धावत खाली गेली.

तलाव काही घागर नव्हे की उपडी केली आणि रिकामी झाली. दिवस मावळला, उजाडलं, पुन्हा मावळला. भिवा पाण्यातून चालत जाऊन तिला पेज पाजून येई. तिचे ओठ निळे पडले होते. तो रडून सांगे, "माय, पुरे झालं. दगड ठेवू खुणेचा, तू निघ." ती म्हणे, "दगड कोणीही सरकवते रे." दोन्ही गावं पाळीवर बसून होती. खैरडोहची माणसं एका बाजूला, पालेवाहीची दुसऱ्या. सगळ्यांची नजर तिच्या अंगावरच्या ओल्या रेषेवर. पाणी बोट बोट उतरत होतं, आणि त्याच वेळी भिवाच्या बांधीतली भेग बोट बोट वाढत होती. ती उभी होती तिथून तिला ती बांधी दिसत होती असं म्हणतात.

शेवटी पाणी कमरेला आलं. तिनं हाक दिली, "बंद करा!"

तेव्हा पालेवाहीची एक बाई पाण्याच्या काठावर येऊन गुडघ्यांवर बसली. तिची बांधी पालेवाहीत सगळ्यांत शेवटी, तिथवर पाणी अजून पोचायचं होतं. ती म्हणाली, "वहिनी, एक वितभर. माझं शेवटचं आहे." नंतर लोक सांगत, साऱ्या दिवसांत कौतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हाच. "माझंही शेवटचंच आहे बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा हाक दिली, "बंद करा." आडकू पाटलानं स्वतः तुडुम बुजवलं.

भिवा तिला आणायला पाण्यात गेला. म्हणाला, चल माय, झालं. त्यानं खांद्याला हात लावला तर हाताला गार, खरबरीत दगड लागला.

पालेवाहीत थोडं वेगळं सांगतात. तिथे म्हणतात की ती बाहेर आली, पण पाय कायमचे गेले, आणि ती वारल्यावर दोन्ही गावांनी मिळून तिच्या जागी दगड रोवला. दसरूबुवा दोन्ही सांगतात. कोणतं खरं असं विचारलं तर म्हणतात, "पाळीवर बसले होते त्यायलेच ठाऊक."

हस्तात पाऊस आलाच नाही. चमत्कार म्हणून ढग दाटून आले, असं काही कोणी सांगत नाही. दोन्ही गावांत निम्मं पिकलं. भिवाची बांधी जळाली, पालेवाहीच्या त्या बाईचीही जळाली. पण फेरीदारानं खरं पाणी आणि खरं पीक राजाला सांगितलं, आणि उरलेलं निम्मं किल्ल्यातून आलं. त्या वर्षी दोन्ही गावांतून कोणी उपाशी मेलं नाही. भिवाला मुलगी झाली.

आजही हस्त लागला की दोन्ही गावांची माणसं पाळीवर जमतात. खात्याचा माणूस पट्टीवरचा आकडा घेतो, मोबाइलवर पाठवतो आणि तोही थांबतो. मग एक बाई पाण्यात उतरते, दगडापर्यंत जाते आणि माय कुठवर भिजली ते ओरडून सांगते. ती बाई कोणत्याही घरची चालत नाही. त्या वर्षी पाणी तुटलं तर जिची बांधी सगळ्यांत आधी जळेल, तीच उतरते. दगडाशी पोचल्यावर ती एकदा आपल्या धानाकडे बघते. तेवढा वेळ लेकराला खोकला आला तरी आई त्याचं तोंड पदरात धरते. मग ती खाली पाण्याकडे बघते आणि आहे ते सांगते.